शेंदराखालची बाई

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी माझ्या घरात एक जाड पुस्तक आहे. पुण्याला छापलेलं, भीमा आणि घोड नदीच्या काठच्या गावांतल्या कोरीव दगडांवरचं. त्यातली चार पानं आमच्या गावच्या एका दगडावर आहेत. ती मी कितीदा वाचली याची मोजदाद नाही. बाकीचं पुस्तक मला कळत नाही, आणि कळतं असं मी सांगतही नाही.

आमचं गाव भीमेच्या काठावर, दौंड तालुक्यात. नदीपलीकडं शिरूर तालुका, तिकडं माझं माहेर. मालक दौंडला रेल्वेत कामाला होते, सुट्टीला घरी यायचे. घरात मी, सासू आणि मुलं. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस पावलावरून ओळखायच्या.

ओढ्याकडच्या बांधावर एक दगड होता. गुडघ्याएवढा वर आलेला, बाकीचा जमिनीत. सगळा शेंदरानं माखलेला, त्यामुळं त्याला कान-नाक काही उरलं नव्हतं. त्याला बाळंतिणीचा दगड म्हणायचे. सव्वा महिन्यानं बाळंतीण घराबाहेर पडली की पहिली तिकडं जायची. शेंदूर तेलात कालवून दगडाला लावायचा, वर खण पांघरायचा, पोराचं डोकं टेकवायचं आणि घरी यायचं. मुलाण्याच्या घरच्या बायाही यायच्या, खण नवा आणायच्या. पुरुष तिकडं जायचे नाहीत. कुणी मनाई केली नव्हती, जायचे नाहीत एवढंच.

आत्यांची चार मुलं गेली. पाचवं राहिलं, ते माझे मालक. ते दगडानं राखलं असं आत्या म्हणायच्या. मी तसं म्हणायचे नाही, पण तेल मीही लावायचे.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी पुण्याहून एक बाई आल्या. तिशीच्या, चष्मा लावलेल्या, खांद्यावर कॅमेरा आणि कागदांची लांब गुंडाळी. गावोगावचे जुने दगड बघत हिंडत होत्या आणि त्यावर पुस्तक लिहिणार होत्या. एकट्या बाईला ठेवायचं कुठं म्हणून हेडमास्तरांनी त्यांना आमच्या घरी आणून सोडलं. गावात चार दिवस तोच विषय. एवढ्या लांबून दगड बघायला आली, पुण्यात काय लोण्याचे डोंगर आहेत का, असं म्हणून बाया हसायच्या.

देवळापुढं तीन वीरगळ उभे होते. लढाईत पडलेल्या माणसासाठी पूर्वी दगड कोरून उभा करायचे, ते. आप्पा आमच्या गावातले मोठे बागायतदार, पंचायतीतही होते. त्यांनी बाईंना स्वतः नेऊन ते दगड दाखवले आणि हे आमचे मूळपुरुष म्हणून सांगितलं. बाईंनी बसून, वाकून बघितलं आणि सांगितलं की तिन्हीवर लुटारूंकडून गाई सोडवताना मेलेला माणूस आहे, तो कुणाचा कोण हे यात कुठंच लिहिलेलं नाही. आप्पा म्हणाले, लिवलं नसलं म्हणून काय झालं, आमाला ठावं हाय. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. आप्पांना ते टिपणं आवडलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी मला विचारलं, "वहिनी, पुरुषांचे दगड झाले. बायकांचा काही आहे का?"

मी त्यांना ओढ्याकडं नेलं. त्या दगडाभोवती फिरल्या, बोटानं टकटक केलं. एका बाजूला उन्हानं शेंदराची खपली तडकली होती. तिथं त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, आत अक्षरं आहेत. हा शेंदूर काढता येईल का, कुणाला विचारावं लागेल?

विचारायचं तर आत्यांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. दगडाला मी सोळा वर्षं तेल लावत होते आणि आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मला बघायचं होतं. दुसरं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी यवतचा बाजार होता. पुरुष सगळे तिकडं. मी खुरपं, करवंटी आणि गरम पाण्याची कळशी घेतली. शेंदूर चार बोटं जाड बसला होता. वरचा थर मऊ, खालचे थर लाखेसारखे कडक. मधूनच खणांच्या कुजलेल्या चिंध्या निघायच्या, कुणाकुणाच्या बाळंतपणाच्या. बाई सारख्या म्हणायच्या, हळू, वहिनी, हळू. मी म्हटलं, तव्याला बसलेलं करपट मी रोज काढते, मला शिकवू नका.

वर चंद्र आणि सूर्य निघाले. त्याखाली अक्षरांच्या ओळी. बाई खाली मांडी घालून बसल्या आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. एका जागी बोट थांबलं. परत मागं गेलं, परत तिथंच आलं.

"साल आहे," त्या म्हणाल्या. "वहिनी, यात साल आहे. राजाचं नाव आहे."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. कुणा राजानं इथली जमीन देवळाला दान दिली आणि त्याची साक्ष म्हणून हा दगड रोवला. नदीच्या या अंगाला साल लिहिलेला दगड त्यांना आजवर मिळाला नव्हता. दोन वर्षं त्या हिंडत होत्या. हा एक दगड नसता तर त्यांचं पुस्तक नुसती यादी झालं असतं. बोलताना त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मी तिकडं बघितलं नाही, खाली उकरायला लागले.

"खालचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "खाली काय असणार त्याचा अंदाज आहे मला."

काय असणार, असं मी विचारलं. त्या वरच्या ओळी मोजायला लागल्या. मग मी उकरलंच.

आधी मला चार पाय दिसले. गाय असेल असं वाटलं. मग कान दिसले, लांब. गाढव होतं. आणि गाढवाखाली एक बाई पडलेली होती, उघडी. ते काय चाललं आहे ते कळायला लहान पोरालाही वेळ लागला नसता. मला लागला, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. याच दगडाला मी माझ्या तीन पोरांची डोकी टेकवली होती.

बाईंनी सांगितलं, याला गधेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन जो लुबाडील, त्याच्या आईवर हे ओढवेल, असा तो शाप आहे. लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून चित्र काढायचे.

"म्हंजी जमीन लुबाडणारा गडी," मी म्हटलं, "आन् हे त्याच्या आईला?"

"हो."

"आन् त्याला काय?"

"त्याला काही नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काम सुरू केलं. ओला कागद दगडाला चिकटवून ब्रशानं ठोकायचा, म्हणजे तो अक्षरांच्या खाचांत बसतो. वरून शाईचा बोळा फिरवला की कागद काळा होतो आणि अक्षरं पांढरी उरतात. मी पाणी देत होते. अक्षरांचा ठसा झाला. मग त्यांनी कॅमेरा काढला आणि खालच्या चित्रापुढं बसल्या. मी मधे उभी राहिले.

मी सांगितलं, अक्षरं घ्या, हा फोटो घेऊ नका आणि पुस्तकात गावाचं नावही घालू नका. त्या म्हणाल्या, गावाचं नाव नसलेला दगड कशाचाच पुरावा होत नाही, आणि अर्धा दगड दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. मी म्हटलं, तुमचं पुस्तक पुण्यात वाचतील, इथं आम्हाला राहायचं आहे. पुरुषांना कळलं तर हा दगड नदीत जाईल, आणि तो उघडा करणारी मी. सासूला काय सांगू? त्यांचं पाचवं पोर या गाढवाखालच्या बाईनं राखलं का? बाईंनी कॅमेरा पिशवीत घातला नाही. आम्ही दोघी भर उन्हात भांडलो, आणि खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं. शेवटी मी दगडावर माझ्या डोक्यावरचा टॉवेल टाकला आणि म्हटलं, आधी घरी चला.

आत्या ओट्यावर हुलगे निवडत बसल्या होत्या. मी जवळ गेले तशा म्हणाल्या, "हाताला शेंदराचा वास येतोय तुझ्या. आज कुणाचं बाळंतपण?"

मी सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, चित्रात काय आहे तेही सांगितलं. आत्यांचा हात सुपात फिरत होता तो फिरतच राहिला. मग म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"काय ठावं हाय?"

"खाली काय हाय ते. माझ्या सासूनं सांगितलं व्हतं. बांधावर उघडी पडली व्हती ती. गुरं राखणारे गडी हसायचे, ढेकळं मारायचे तिला. मंग बायांनी एक दिस तिच्यावर माती लोटली आन् वर शेंदूर लावला. शेंदूर लागला की गडी हात लावत न्हाईत."

बाईंनी वही काढली होती. त्यांनी विचारलं, कोणत्या बायांनी लावला, आजी?

"आमच्याच. दुसऱ्या गावच्या कशाला येतील?"

बाईंनी बरंच विचारलं, आत्यांनी त्याहून जास्त सांगितलं. शेंदूर कुठून आणला, पहिला खण कुणाचा, सगळं. शेवटी आत्यांनी सूप खाली ठेवलं आणि बाईंच्या दिशेनं तोंड केलं.

"चित्तर छापायचं तर छाप. गावाचं नाव बी घाल. पर तिला कुणी झाकली ते बी लिव्ह. नुसतं गाढव नगं छापू."

बाई म्हणाल्या, लिहीन.

आत्या खरं बोलल्या की तिथल्या तिथं रचलं, हे मला आजही सांगता येणार नाही. सोळा वर्षांत त्या यातलं अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आणि रचायची त्यांना सवय होती. माझ्या लग्नात त्यांनी साऱ्या भावकीत सांगितलं होतं की सून सातवी शिकली आहे. पण मी त्या शेंदरातून चिंध्या काढल्या होत्या, थरावर थर. कुणीतरी कधीतरी पहिला हात लावलाच असणार, आणि तो काही पुरुषाचा नव्हता.

बाईंनी संध्याकाळच्या आत फोटो घेतला. पहाटे, पुरुष उठायच्या आत, मी आणि आत्यांनी खालची माती परत लोटली आणि दगडाला शेंदूर लावला. आत्या चाचपून लावत होत्या, एक खाच सोडली नाही. बाई दौंडची गाडी धरून गेल्या.

पुस्तक यायला पाचसहा वर्षं लागली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आत्या गेल्या. पोस्टमननं दोन पुडकी आणली, एक मला, एक शाळेला. माझ्यातली चार पानं मी दोन दिवसांत वाचली. फोटो होता. अक्षरांचा ठसा होता. आणि आत्यांचं बोलणं होतं, शुद्ध भाषेत, 'स्थानिक स्त्रियांच्या परंपरेनुसार' म्हणून. एका म्हातारीनं हुलगे निवडता निवडता सांगितलेलं, पण छापल्यावर ते दगडाइतकंच जुनं दिसत होतं.

शाळेतलं पुस्तक हेडमास्तरांनी वाचलं, मग शिक्षकांनी बघितलं, मग फोटो गावभर झाला. तिथून यवतला. एसटी स्टँडवर कुणीतरी आप्पांना विचारलं, काय आप्पा, तुमच्याकडं गाढवाची जत्रा कवा असती? दौंडला मालकांनाही सोबतच्या लोकांनी सोडलं नाही. ते घरी येऊन माझ्याशी बोलले नाहीत, जेवले आणि झोपले. आप्पांचा राग दुहेरी होता. वीरगळावरही पुस्तकात लिहिलं होतं की तो कुणाचा मूळपुरुष हे सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी देवळात सगळे जमले. बाया मागं, खांबांच्या पलीकडं. आप्पा म्हणाले, हा घाणेरडा दगड गावात नको. दुपारी बैलगाडी लावू आणि डोहात सोडून देऊ. कुणी नाही म्हणालं नाही. ज्यांच्या बायका महिन्यापूर्वी तिथं खण घालून आल्या होत्या, तेही नाही म्हणाले नाहीत.

मी पुस्तक घेऊन गेले होते. मला बोलायचं आहे असं म्हटलं आणि उभी राहिले. आधी आत्यांचं वाचलं. ती बाई बांधावर उघडी पडली होती, बायकांनी तिला झाकलं, पिढ्यान् पिढ्या झाकत आल्या. मी अक्षर लावत वाचते, त्यामुळं वेळ लागला. वाचून झाल्यावर एकजण म्हणाला, बायांच्या गोष्टी हायेत ह्या. दुसरा म्हणाला, शेंदूर महाग झालाय, बरंच झालं, वाचंल. लोक हसले. मागं बायांमध्येही एकदोघी हसल्या.

मला वाटलं होतं की छापलेलं आहे म्हणजे ऐकतील. कुणी ऐकलं नाही.

मग मी पान उलटलं आणि दगडावरच्या अक्षरांचा अर्थ वाचला. बाईंनी तो सभ्य शब्दांत दिला होता. 'जो कोणी हे दान मोडील, त्याच्या मातेची अशी विटंबना होईल.' मी 'दान' हा शब्द वाचला नाही. तेवढा सोडून वाचलं, 'जो कोणी हे मोडील.' पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आप्पा, न्या की गाडी. पर वर काय लिवलंय ते ऐकून न्या. आन् हे तुम्हाला न्हाई. आईला हाय."

हेडमास्तर पुढंच बसले होते. त्यांनी पुस्तक वाचलेलं होतं, गाळलेला शब्द त्यांना कळला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं.

आप्पांची आई बायांत बसली होती. ऐंशीच्या घरात, काठी घेऊन चालणारी. ती उठली. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून पुढं घट्ट धरला, थंडीत धरतात तसा. थंडी नव्हती.

"घरी चल रं," ती आप्पांना म्हणाली. "चल माझ्यासंगं."

आप्पा आईच्या मागून गेले. मग एकेक जण उठला. दुपारी गाडी निघाली नाही, त्यानंतरही कधी निघाली नाही. दगड जिथल्या तिथं राहिला.

बायांनी मला शाबासकी दिली. मुलाण्याच्या घरची म्हातारी म्हणाली, तू वकील व्हायला पाहिजे व्हतीस. मला ते गोड लागलं नाही. आप्पा भ्याले नव्हते, लाजले असतील. भ्याली ती त्यांची आई. तिनं कुणाचा दगड उचलायला घेतला नव्हता. तिच्या पोराला अडवायला मी तिला पुढं केलं, कुणा राजानं केलं होतं तेच. आणि राजाला मी त्या दिवशी ओढ्याकाठी मनातल्या मनात किती नावं ठेवली होती. आत्यांनी सांगितलेलं कुणाच्या कानात गेलं नाही, राजाचं सगळ्यांच्या गेलं.

मी आप्पांच्या आईकडं एकदा गेले, ताक घेऊन. ती माझ्याशी बोलली, पण पदर सोडला नाही. परत गेले नाही.

पुण्याच्या बाईंचं पत्र आलं. पुस्तक पोचलं का, गावात कुणाला त्रास तर झाला नाही ना, दगड सुखरूप आहे ना. मी पोस्टकार्ड टाकलं. दगड जागेवर आहे, एवढंच लिहिलं. कशानं राहिला ते त्यांनी विचारलं नव्हतं, पण ते लिहायला कार्डावर जागा होती. मीच लिहिलं नाही.